बैलाच्या आकाराचे रंगीत खुंटाळे: आधी भिंत, मग बैल

शेजाऱ्यांनी आणि नातेवाइकांनी हौसेने घरी केलेली जी खुंटाळी मी आजवर पाहिली किंवा दुरुस्त केली, त्यांपैकी बहुतेकांत चूक एकाच जागी झालेली होती. चित्र आधी काढले गेले, फळी कापून रंगवून झाली आणि ती भिंतीवर कशी बसणार, तिच्यावर किती ओझे येणार, याचा विचार अगदी शेवटी झाला. परिणामी रंगवलेल्या फळीला नंतर भोके पाडावी लागली, रंगाचे टवके उडाले आणि पहिल्या आठवड्यात दप्तरांसह सगळे खाली आले. हा लेख योग्य क्रम सांगण्यासाठी आहे. उदाहरण म्हणून मी पोळ्याच्या साजातला बैल घेतला आहे. घोडा, मोर किंवा मांजर करायचे असले तरी टप्प्यांचा क्रम हाच राहतो.

साध्या चार हुकांच्या खुंटाळ्याला, रंग वाळण्याचा वेळ धरून (पण तो पूर्ण कठीण होण्याचा आठवडा सोडून), आठ ते दहा दिवस लागतात आणि त्यांतील प्रत्यक्ष हातकाम जेमतेम दोन दिवसांचे असते. ज्यांना दोन दिवसांत सगळे उरकायचे आहे, त्यांनी बाजारातील तयार खुंटाळे आणावे.

टप्पा १: भिंत आणि ओझे

प्रथम जागा ठरवावी. खोलीत शिरताना उघडणाऱ्या दाराच्या मागे, चिंचोळ्या बोळात किंवा कूलरच्या झोतासमोर खुंटाळे लावू नये. कूलरची दमट हवा उन्हाळाभर एकाच जागी लागत राहिली, तर प्लायवूडच्या कडा फुगतात आणि रंग कडेपासून सुटू लागतो. स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडणे तर पूर्णपणे टाळावे, कारण भिंतीतील वायर बहुधा त्याच उभ्या रेषेत गेलेली असते.

मग भिंत कशाची आहे ते पाहावे. वीट आणि सिमेंटची भिंत असेल, तर रावळ प्लग (स्क्रू धरून ठेवण्यासाठी भोकात ठोकायची प्लास्टिकची नळी) आणि स्क्रू पुरेसे होतात. धाब्याच्या जुन्या घरात मातीची भिंत असेल, तर प्लग तिच्यात काही केल्या टिकत नाही. तेथे खुंटाळे लाकडी खांबावर बसवावे, किंवा दोन खांबांवर आडवी पट्टी ठोकून त्या पट्टीवर बसवावे. नव्या सदनिकांतील हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या भिंतीला त्याच कामासाठी मिळणारे लांब प्लग लागतात. दुकानात प्लग मागताना भिंतीचा प्रकार सांगितला नाही, तर साधा प्लग हाती पडतो आणि तो अशा भिंतीत गोल फिरत राहतो.

ओझ्याचा अंदाज मोठाच धरावा. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावे. परंतु डबा, पाण्याची बाटली आणि पावसाळ्यातील ओला रेनकोट एकाच हुकावर जाऊन बसतो, म्हणून मी दर हुकामागे ५ किलो धरतो. चार हुकांचे २० किलो झाले.

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाचा हिशेब. टांगलेले दप्तर फळीला केवळ खाली ओढत नाही, ते तिचा वरचा भाग भिंतीपासून पुढेही खेचते. दप्तरांचे वजन भिंतीपासून साधारण १२ सें.मी. पुढे लोंबते आणि फळी तिच्या खालच्या टोकावर भिंतीला टेकते. वरचे स्क्रू त्या टेकणाऱ्या टोकापासून ३० सें.मी. उंचीवर असतील, तर २० किलो ओझ्याने त्यांच्यावर पुढे येणारी ओढ सुमारे ८ किलोंची असते. तेच स्क्रू केवळ ६ सें.मी. उंचीवर असतील, तर ओढ ४० किलोंवर जाते. अरुंद पट्टीची खुंटाळी का उखडतात आणि बैलासारखा उंच आकार का टिकतो, याचे कारण एवढेच आहे. मात्र त्या उंचीचा लाभ घ्यायचा असेल तर वरचे स्क्रू पाठीच्या रेषेजवळ असले पाहिजेत.

हुक खाली, पोटाच्या रेषेवर घ्यावेत, त्याचे कारण वेगळे आहे. हुकाच्या खालचे सगळे चित्र कपड्यांमागे झाकले जाते. पाठीवर हुक लावले, तर झूल, घुंगुरमाळ आणि गोंडे रंगवण्यात घालवलेला सगळा वेळ शर्टांच्या मागे जातो.

*तपासणी:* जागा, भिंतीचा प्रकार, हुकांची संख्या आणि हुकांची उंची या चार गोष्टी कागदावर लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. मोठ्यांसाठी हुक जमिनीपासून १५० ते १६० सें.मी. आणि सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी १०० ते १०५ सें.मी. उंचीवर ठीक पडतात.

*सावधान:* मुलांच्या उंचीवरचे हुक त्यांच्या डोळ्यांच्या पातळीजवळ येतात. तेथे टोकदार हुक लावू नयेत. टोकाला गोल बोंड असलेलेच घ्यावेत.

टप्पा २: सामान

फळीसाठी १८ मि.मी. जाडीचे प्लायवूड घ्यावे. अडीच फूट बाय दीड फूट तुकडा पुरतो आणि तो दुकानात उरलेल्या तुकड्यांतून स्वस्तात मिळू शकतो. प्लायवूडवर आय.एस. ३०३ चा शिक्का आणि त्यातील प्रत पाहावी: एम.आर. (ओलसरपणा सोसणारी) प्रत कोरड्या खोलीत चालते, तर ओसरीत किंवा ओल येणाऱ्या भिंतीवर लावायचे असल्यास बी.डब्ल्यू.आर. (उकळते पाणीही सोसणारे) घ्यावे. १२ मि.मी. जाडीच्या फळीत हुकाच्या स्क्रूला पकड कमी मिळते. एम.डी.एफ. (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) कापायला गुळगुळीत असले तरी पाणी लागल्यावर फुगते आणि त्याच्या कडा रंग पिऊन टाकतात, म्हणून दप्तरांच्या खुंटाळ्यासाठी मी ते सुचवत नाही. सागाची अखंड फळी अनेकांना अधिक भक्कम वाटते. प्रत्यक्षात एवढी रुंद फळी ऋतूप्रमाणे वाकते आणि तिच्यात कापलेली बारीक शिंगे रेषेवरून तुटतात, कारण लाकडाची रेष एकाच दिशेने जाते. प्लायवूडमध्ये थर एकमेकांना आडवे असल्याने हा धोका बराच कमी होतो.

बाकीचे सामान असे: खाकी कागद, जिगसॉ (वळणे कापणारी विजेवरची करवत) किंवा बारीक पात्याची वक्र करवत, दोन क्लॅम्प, अर्धगोल कानस, ८०, १२०, २२० आणि ३२० नंबरचे पॉलिश पेपर, लाकडासाठीची लांबी (फटी भरायची पुट्टी) आणि ती भरायची पत्ती, लाकडाचा पांढरा प्रायमर, रंग, पारदर्शक वॉर्निश, बोंडाचे चार हुक, ८ मि.मी. चे चार रावळ प्लग, ७५ मि.मी. लांबीचे चार स्क्रू आणि ३ मि.मी. जाडीचे चार रबरी वॉशर.

रंग सीलबंद डब्यातलाच घ्यावा आणि त्यावरील मजकूर वाचावा. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनुसार घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) अधिक असू शकत नाही आणि हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. माळ्यावर पडलेला त्यापूर्वीचा डबा मुलांच्या वस्तूसाठी उघडू नये.

टप्पा ३: साचा

चित्र थेट प्लायवूडवर काढण्याचा मोह आवरावा. खाकी कागदावर ५ सें.मी. च्या चौकटी आखून, लहान कागदावरचे चित्र चौकटीमागून चौकटीत मोठे करावे. बैल बाजूने दिसणारा घ्यावा. समोरून पाहणारा बैल रंगवायला अवघड जातो आणि हुकांसाठी लांबी देत नाही.

खिल्लार बैलाची लांब, निमुळती शिंगे चित्रात उठून दिसतात खरी, पण तीच पहिल्यांदा तुटतात. प्रथमच करणाऱ्याने निमाडी बैलासारखा, तांबड्या अंगावर पांढरे ठिपके असलेला आणि बेताच्या शिंगांचा आकार निवडावा. यात रंगाचाही फायदा आहे, कारण पांढऱ्या अंगावर कपड्यांचा आणि हातांचा मळ लवकर दिसतो.

आकार काढताना पाळायची पथ्ये अशी. शिंग मुळाशी ४ सें.मी. पेक्षा बारीक नसावे आणि त्याचे टोक गोलसर असावे. पाय ६ सें.मी. पेक्षा अरुंद नसावेत, आणि चारही खूर खालच्या जमिनीच्या पट्टीला जोडलेले ठेवावेत म्हणजे एकेकटा पाय मोडत नाही. शेपूट सुटी कापू नये. ती मागच्या पायावर टेकलेली दाखवून रंगानेच काढावी. वशिंड मात्र ठळक घ्यावे, कारण एका मुख्य स्क्रूची जागा तेथे येणार आहे. शिंगांवर टोपी अडकवण्याचा बेत कितीही आवडला तरी तो सोडून द्यावा.

साचा कापून झाला की तो ठरलेल्या जागी, ठरलेल्या उंचीवर चिकटपट्टीने एक दिवस लावून ठेवावा आणि त्यावर हुकांच्या व स्क्रूंच्या खुणा कराव्यात. हुकांमध्ये १५ सें.मी. अंतर ठेवले, तर चार हुकांत ४५ सें.मी. जागा जाते, दप्तरे दोन्ही टोकांच्या हुकांवर आणि हलके कपडे मधल्या दोन हुकांवर, अशी वाटणी त्यात बसते. चार स्क्रूंपैकी एक वशिंडाखाली, एक पुठ्ठ्याच्या (बैलाच्या मागच्या पायांवरील भागाच्या) वरच्या बाजूला आणि दोन पुढच्या-मागच्या पायांच्या मुळाशी घ्यावेत. प्रत्येक भोक कडेपासून किमान ३ सें.मी. आत असावे.

*तपासणी:* मुलाला साच्यासमोर उभे करून त्याचा हात हुकाच्या खुणेपर्यंत सहज जातो का, ते पाहावे. कागदावर बदल करणे पाच मिनिटांचे काम आहे.

टप्पा ४: कापणी

जिगसॉचे पाते वर येताना कापते, त्यामुळे प्लायवूडचा वरचा पृष्ठभाग उचकटतो. म्हणून जिगसॉने कापायचे असेल, तर साचा उलटा करून फळीच्या मागच्या बाजूवर आखावा आणि दर्शनी बाजू खाली ठेवावी. हातकरवत ढकलताना कापते व खालची बाजू उचकटते, म्हणून तिच्यासाठी दर्शनी बाजू वर. ही एक गोष्ट उलटी झाली, तर बैलाच्या संपूर्ण कडेवर चिलपे निघतात आणि ते लांबीने भरत बसण्यात एक दिवस जातो.

फळी टेबलाला दोन क्लॅम्पनी घट्ट धरावी. मुलाला फळी दाबून धरायला लावू नये. प्रथम आकाराच्या बाहेरून, रेषेपासून बोटभर अंतर ठेवून, मोठा भाग उडवावा. नंतर पायांमधील आणि गळ्याखालील आत वळणाऱ्या जागी रेषेपर्यंत दोन-तीन सरळ छेद द्यावेत, म्हणजे वळणावर लहान तुकडे आपोआप गळून पडतात आणि पाते अडकत नाही. पाते वळवताना जोर लावल्यास कड तिरपी कापली जाते. रेषेच्या एक मिलिमीटर बाहेरून कापून उरलेले कानशीने काढणे सर्वांत सुरक्षित. कापण्याचा धीर होत नसेल, तर साचा आणि फळी घेऊन सुताराकडे जावे. नीट साचा हाती असला की त्याचे काम थोड्या वेळाचे असते.

*सावधान:* कापताना डोळ्यांवर चष्मा आणि घासताना नाकातोंडावर मास्क असावा. प्लायवूडच्या धुळीत सरसाचाही अंश असतो.

टप्पा ५: भोके, आणि तीही रंगापूर्वी

कडा ८० आणि मग १२० नंबरच्या पेपरने गोलसर केल्यावर लगेच सर्व भोके पाडून घ्यावीत. भिंतीच्या स्क्रूंसाठी ५.५ मि.मी. चे आरपार भोक, आणि स्क्रूचे डोके फळीत बुडावे म्हणून वर थोडी खोलगट जागा. हुकाच्या स्क्रूंसाठी २.५ ते ३ मि.मी. चे, १२ मि.मी. खोलीचे भोक, ड्रिलच्या टोकाला १२ मि.मी. वर चिकटपट्टी गुंडाळली की खोली चुकत नाही. हुकांसोबत मिळणारे स्क्रू १६ मि.मी. चे आहेत का, ते मोजावे. २० मि.मी. चा स्क्रू १८ मि.मी. च्या फळीतून मागे टोक काढू शकतो. दोन्ही टोकांच्या, दप्तरांच्या हुकांसाठी शक्य असल्यास मागून वॉशर लावलेले आरपार नट-बोल्ट वापरावेत आणि नट फळीत बुडेल एवढी जागा मागून कोरून घ्यावी.

नंतर सगळे हुक एकदा बसवून पाहावेत, फळी दोन टेबलांच्या मध्ये आडवी न ठेवता एखाद्या खांबाला तात्पुरती उभी बांधावी आणि टोकाच्या एका हुकावर दहा किलो ज्वारीची पिशवी रात्रभर टांगावी. हुक हलला नाही, तर तो काढून ठेवावा.

*तपासणी:* साचा भिंतीवर धरून चारही भोके स्विचबोर्डाच्या रेषेपासून दूर आहेत ना, हे याच वेळी पुन्हा पाहावे.

टप्पा ६: लांबी आणि प्रायमर

प्लायवूडच्या कडेवर थर दिसतात आणि त्यांत पोकळ्या असतात. तेथे लांबी दाबून भरावी, वाळल्यावर घासावी आणि पुन्हा भरावी. पहिल्या भरणीनंतर कड गुळगुळीत वाटते, पण लांबी वाळताना आत बसते. दुसरी भरणी न केल्यास प्रायमरनंतर सगळ्या रेघा पुन्हा वर दिसतात. स्क्रूंच्या भोकांत लांबी जाऊ नये म्हणून त्यांत कागदाच्या गुंडाळ्या खोचून ठेवाव्यात.

२२० नंबरने घासून, ओलसर फडक्याने धूळ पुसून प्रायमरचा पहिला हात द्यावा. मागची बाजूही याच वेळी प्रायमर करावी. केवळ पुढून रंगवलेली फळी पावसाळ्यात मागून ओल घेते आणि वाकते. वाळवीलाही उघडे लाकूड सापडते. रात्रभर वाळू देऊन, पुन्हा हलके घासून दुसरा हात द्यावा.

टप्पा ७: रंग, आणि आपल्याकडचे ऊन

येथे खानदेशात काम करणाऱ्याला स्वतंत्र काळजी घ्यावी लागते, कारण डब्यावरचे वाळण्याचे वेळापत्रक आपल्या मे महिन्याला लागू पडत नाही. जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर गेलेला असताना दुपारी ऑइलपेंट लावला, तर टर्पेंटाइन क्षणात उडते, ब्रश ओढला जातो, वर पापुद्रा धरतो आणि आतला रंग ओला राहतो. तो पापुद्रा दुसऱ्या हाताखाली सुरकुततो. म्हणून आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुटीत हे काम करायचे असेल, तर रंग सकाळी सहा ते नऊ या वेळातच द्यावा. फळी गच्चीवर उन्हात तापलेली नसावी. ती आदल्या रात्रीपासून घरात ठेवावी. संध्याकाळी हवा निवते, पण वावटळीची धूळ ओल्या रंगावर बसते, तेव्हा दार बंद असलेली खोलीच बरी. वाळवण्यासाठी कूलर किंवा पंखा फळीवर सोडू नये.

पोळ्यापूर्वी, म्हणजे श्रावणात, हेच काम केले तर अडचण उलटी होते. दमट हवेत प्रत्येक हात वाळायला जवळजवळ दुप्पट वेळ धरावा; पावसाच्या दिवशी वॉर्निश लावल्यास त्यावर पांढुरकी छटा येऊ शकते. मला विचाराल तर दिवाळीनंतरचे दोन महिने या कामाला सर्वांत चांगले आहेत.

रंगाचा क्रम मोठ्या भागाकडून बारीक भागाकडे असावा: प्रथम अंगाचा तांबडा, मग पांढरे ठिपके, नंतर झूल, त्यावर नक्षी, मग शिंगांचा रंग, गोंडे, घुंगुरमाळ आणि कासरा, आणि सर्वांत शेवटी डोळा व काळी बाह्यरेषा. अंगाला दोन पातळ हात द्यावेत. एक जाड हात दिला, तर कडेवर रंगाचे ओघळ गोठतात. झुलीची सरळ किनार मास्किंग टेपने काढावी आणि रंग पूर्ण वाळण्यापूर्वीच टेप सावकाश ओढावी, नाहीतर किनारीसह रंग निघतो. पांढऱ्या भागासाठी ॲक्रिलिक रंग घ्यावा, कारण पांढरा ऑइलपेंट कमी उजेडाच्या खोलीत काही महिन्यांत पिवळसर पडू लागतो.

झुलीवरची नक्षी आखताना वरच्या दोन स्क्रूंची भोके गोल फुलांच्या मध्यभागी येतील असे पाहावे. नंतर स्क्रूच्या डोक्यावर त्याच रंगाचा एक ठिपका दिला की स्क्रू फुलाचा भाग होतो. पायांजवळच्या स्क्रूंसाठी तोडे काढावेत.

*सावधान:* ऑइलपेंटवर थिनरमध्ये कालवलेला स्प्रे किंवा लॅकर मारू नये. तीव्र थिनर खालचा रंग उचलतो आणि संपूर्ण पृष्ठभागावर सुरकुत्या येतात. त्यानंतर सगळे खरवडून प्रायमरपासून सुरुवात करण्यावाचून मार्ग उरत नाही.

शेवटचा रंग दोन दिवस वाळल्यावर ३२० नंबरचा पेपर, नक्षी टाळून, केवळ अंगाच्या मोकळ्या भागावर अगदी हलका फिरवावा आणि पारदर्शक वॉर्निशचे दोन पातळ हात द्यावेत. रंग काही तासांत हाताला कोरडा लागतो, पण कठीण व्हायला आठवडा घेतो. त्याआधी टांगलेला सुती शर्ट रंगाला चिकटतो आणि त्याच्या विणीचा ठसा कायम राहतो.

टप्पा ८: भिंतीवर बसवणे

माझे पहिले खुंटाळे मी ३५ मि.मी. च्या स्क्रूंनी बसवले होते. तिसऱ्या दिवशी दोन दप्तरांसह ते खाली आले, आणि प्लग ताटाएवढ्या प्लास्टरच्या पोपड्यासह बाहेर निघाले. स्क्रू विटेपर्यंत पोहोचलेलाच नव्हता.

हिशेब असा करावा: फळी १८ मि.मी., मागचा वॉशर ३ मि.मी., प्लास्टर साधारण १५ मि.मी. आणि विटेतील पकड ४० मि.मी.; एकूण ७६. म्हणून ७५ मि.मी. म्हणजे तीन इंची स्क्रू. भिंतीतील भोक ८ मि.मी. चे आणि ६५ मि.मी. खोल असावे, कारण तळाशी भुकटी साचते. ती रबरी फुग्याने उडवून टाकावी. भुकटीवर ठोकलेला प्लग अर्धाच आत जातो. प्लग प्लास्टरच्या पातळीवर सोडू नये, तो १५ मि.मी. आत, विटेत बसेपर्यंत खिळ्याने ठोकावा. ड्रिल करताना पहिल्या दीड सेंटिमीटरनंतर पांढरी-करडी भुकटी जाऊन तांबडी भुकटी येऊ लागली, म्हणजे वीट लागली.

प्रथम वशिंडाखालचे एकच भोक भिंतीत पाडावे, त्यात स्क्रू सैल बसवावा, फळीवर लेव्हल ठेवून हुकांची रेषा आडवी करावी आणि मगच उरलेल्या तीन भोकांच्या खुणा फळीतूनच भिंतीवर कराव्यात. चारही खुणा एकदम करून भोके पाडली, तर एखादे तरी दोन मिलिमीटर सरकते. प्रत्येक स्क्रूच्या मागे रबरी वॉशर ठेवल्याने भिंत आणि फळी यांत फट राहते, तेथून हवा खेळते आणि भिंतीची ओल फळीत उतरत नाही. वॉशर पूर्ण चेपेल इतके स्क्रू आवळू नयेत.

हुक सर्वांत शेवटी, फळी भिंतीवर पक्की झाल्यावर लावावेत.

*तपासणी:* पहिला दिवस एकाच टोकाला, दुसरा दिवस दोन्ही टोकांना पूर्ण ओझे टांगून, फळीच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलची रेघ मारून ठेवावी. फळी रेघेपासून खाली सरकली असेल किंवा वरची फट वाढली असेल, तर सगळे उतरवून प्लग तपासावा. सैल भोकात लाकडाची ढलपी खोचून तोच स्क्रू पुन्हा पिळू नये, १० मि.मी. चा प्लग आणि त्याला साजेसा जाड स्क्रू घ्यावा, आणि फळीतील भोकही त्या प्रमाणात वाढवावे.

पहिल्या पावसाळ्यानंतर, साधारण दसऱ्याच्या सुमारास, चारही स्क्रू आणि हुकांचे स्क्रू एकदा पेचकसाने तपासून घ्यावेत, आणि खालच्या कडेला वॉर्निश फुटलेले दिसल्यास तेवढीच जागा घासून एक हात द्यावा.